पांढऱ्या पडवीचा पत्ता

वँडाचा फोन आला तेव्हा ट्वायला रक्तदाबाच्या गोळ्या मोजत होती. ताटलीत पाच-पाचचे ढीग, हातात प्लास्टिकची चपटी सुरी, समोर तीन गिऱ्हाइकं. बेचाळीसवर आकडा थांबला.

"ट्वायला, मिस्टर हॉइट घरात नाहीत गं."

"मागे शेडमध्ये बघितलंस?"

"सगळीकडे बघितलं. मी कपडे वाळत घालायला गेले होते. येते तर खुर्ची रिकामी, जाळीचं दार सताड उघडं."

"किती वाजता?"

"दहा. सव्वादहा. मी काय घड्याळ गळ्यात बांधून हिंडते का?" एवढं बोलून वँडा रडायलाच लागली. शेजारधर्म म्हणून ती रोज सकाळी ट्वायलाच्या वडिलांजवळ बसायची. पैसे दिले तर रागवायची.

ट्वायलाने भिंतीकडे पाहिलं. अकरा वीस. बाहेर पारा अठ्ठ्याण्णव फॅरनहाइटवर होता. अठ्ठ्याण्णव म्हणजे माणसाच्या अंगाइतकाच ताप. अशा हवेत अंगाला थंड व्हायला एकच वाट उरते, घाम वाळण्याची. आणि हवा इतकी दमट होती की आज घामही वाळणार नव्हता. डॅडींचं वय त्र्याऐंशी. सकाळी आठ वाजता तिनेच त्यांना शरीरातलं पाणी काढणारी गोळी दिली होती, आणि पाण्याचा पेला त्यांनी अर्धाच संपवला होता. तिने मनात गणित मांडलं. उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा मांडलं. दोन वाजेपर्यंत तग धरतील. फार तर अडीच.

औषधांच्या दुकानातल्या स्पीकरवर डॅडींनीच लिहिलेलं आणि गायलेलं गाणं चालू होतं. सोमवारपासून सगळ्या गावात तेच चालू होतं, कारण शनिवारी त्या गाण्याचीच जत्रा होती.

*दोन मैलांचा पूल ओलांड, चर्चपाशी डावीकडे वळ,*
*पांढऱ्या पडवीत आई उभी, टॅलो ओढ्याचं गोड जळ...*

हे गाणं अलाबामात ज्याला येत नाही तो अलाबामातला नाही, असं लोक म्हणत. लग्नात वाजायचं, अंत्ययात्रेत वाजायचं, फुटबॉलच्या सामन्याआधी वाजायचं. जे पोट भरायला डेट्रॉइटला गेले ते हे ऐकून गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन रडत. ट्वायलाचं कॉलेजचं शिक्षण याच गाण्यावर झालं होतं. लहानपणी ती मैत्रिणींना सांगायची, ती पडवी आमची आहे. एकदा मला तिथे ने, असा तिने डॅडींमागे हट्ट धरला, तेव्हा ते म्हणाले, "रस्ता वाहून गेलाय गं." पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं. तेव्हाही रस्ता वाहूनच गेलेला होता.

ती घरी पोचली तोवर शेरिफच्या डेप्युटीची, ब्रँटली साइक्सची गाडी अंगणात लागली होती. तो उंच, सदा हसतमुख. शाळेत तिच्या दोन वर्षं मागे होता.

"मिस ट्वायला, तू बिलकूल घाबरू नकोस. ते कुठे गेलेत ते मला ठाऊक आहे. अख्ख्या जगाला ठाऊक आहे." त्याने टोपी मागे सारली. "घरी गेलेत. पूल ओलांडून, चर्चपाशी डावीकडे. वीस माणसं ट्रक घेऊन निघालीसुद्धा."

"ब्रँटली, ते घर त्यांचं नाही."

"आता काय?"

"जत्रेच्या कमिटीने ते अकरा वर्षांपूर्वी विकत घेतलं. पडवीही त्यांनीच बांधली. आधी तिथे टायरचं दुकान होतं."

"अगं, जागा तीच ना! गाण्यात टॅलो ओढा म्हटलंय. टॅलो ओढा एकच आहे."

"ओढ्याचं नाव ओळीत बसेना म्हणून घातलं. नॅशव्हिलमधल्या एका हॉटेलात बसून. त्यांनीच मला सांगितलंय."

ब्रँटली हसला, पण डोळ्यांतून नाही. "हे बघ, आज असं बोलू नकोस. बाहेर टीव्हीवाले आलेत. आणि माझ्या आजीला पुरताना आम्ही तेच गाणं म्हटलं होतं."

तो गेला. पुलाच्या दिशेने भोंगा वाजत गेला आणि ट्वायला अंगणात एकटी उभी राहिली. आपण काय जाणतो आणि काय नुसतं मानतो, हे वेगळं करायची तिला सवय होती. डॅडी दुसऱ्याच्या जमिनीवर अर्ध्या वाट्याने कापूस पिकवणाऱ्याचं पोर. दर हिवाळ्यात बिऱ्हाड हलायचं. अकरा घरं, त्यातलं एकही आज उभं नाही. हे झालं जाणणं. पण गेलं वर्षभर त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती, आणि जिथे जागा रिकामी झाली तिथे गाणं येऊन बसत होतं. परवा ते वँडाला पडवीच्या खांबांचा रंग सांगत होते. मग आज पाय त्यांना कुठे नेतील? गाण्यातल्या घरी, की गाण्याआधीच्या एखाद्या घरी? पहिलं खरं असेल तर ब्रँटली बरोबर होता. दुसरं खरं असेल तर वीस माणसं उलट्या दिशेला गेली होती.

ती स्वयंपाकघरात पाणी भरून घ्यायला गेली आणि खिडकीत तिला ते फूल दिसलं.

गेल्या गुरुवारी डॅडी तासभर बेपत्ता झाले होते. स्वतःच परत आले, मोज्यांना पाइनच्या सुया चिकटलेल्या, शर्टाच्या खिशात एक लाल फूल. लांब हिरवा देठ, पान एकही नाही, पाकळ्या मागे वळलेल्या आणि केसर कोळ्याच्या पायांसारखे बाहेर. तिने ते पेल्यात ठेवून दिलं होतं. लोक याला वादळी लिली म्हणतात, कारण वादळाच्या दिवसांत ती एका रात्रीत जमिनीतून वर येते. आता ट्वायला त्या कोमेजलेल्या फुलाकडे बघत राहिली. हे फूल इथे बी धरत नाही. वाऱ्याने, पाखराने पसरत नाही. कुणीतरी हाताने त्याचा कांद्यासारखा कंद पुरला तरच उगवतं, आणि मग घर गेलं, माणसं गेली, तरी शंभर वर्षं तिथेच उगवत राहतं.

म्हणजे घराची जागा. तासभरात जाऊन येण्याजोगी. त्यांच्या चालीने एक मैल, जास्त नाही. पूल तर सहा मैलांवर. पूर्वेला हमरस्ता, तिकडे सगळं सिमेंट. पश्चिमेला कागद कंपनीची पाइनची लागवड, हजार एकर, सगळी झाडं सारखी. त्यात कधीकाळी कोण राहत होतं हे सांगेल असं माणूस गावात एकच उरलं होतं.

बारा पाच.

मिस व्हर्डेल गेदर दारातच मटाराच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या, ताठ कण्याच्या, काळ्यांच्या शाळेत आणि मग सगळ्यांच्या शाळेत मिळून चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या. दर महिन्याला औषधं न्यायला दुकानात येत, पैसे नेमके सुटे देत, आणि जत्रेच्या दिवसांत आत न येता खिडकीतूनच औषधं घेत.

"मिस व्हर्डेल, माझे वडील—"

"ऐकलं. रेडिओवर सांगतायत. सगळं गाव पुलाकडे धावलंय म्हणे."

"ते तिथे नाहीत असं मला वाटतं."

"वाटतं?" त्यांनी शेंग मोडली. "तुझ्या दुकानात दिवसभर काय वाजत असतं ते मला माहीत आहे, पोरी. म्हणून तर मी खिडकीशी उभी राहते. आणि आज तुला वाटतं?"

ट्वायलाने निघताना पेल्यातून उचललेलं फूल खिशातून काढलं. मिस व्हर्डेल यांचे हात थांबले. त्यांनी ते घेतलं नाही, नुसतं पाहिलं.

"कुठून आणलं हे?"

"त्यांनी आणलं. गुरुवारी."

ट्वायलाला मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं. मग त्यांनी पातेलं बाजूला सारलं, काठी उचलली आणि म्हणाल्या, "गाडीत हवा थंड होते ना? की तीही नुसती वाटते?"

कच्च्या रस्त्यावर गाडी उडत होती. मिस व्हर्डेल समोर बघत बोलत होत्या, फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावं तशा.

"चाळीस एकर. विकत घेतलेले, भाड्याचे नाहीत. माझ्या आजोबांनी घेतले. पांढरी पडवी होती, निळं छत. विहिरीचं पाणी गोड होतं, ते खरंच आहे. तुझा बाप शेजारच्या खोपटात राहायचा, एका गोऱ्या जमीनदाराच्या कुळांपैकी. दुपारी आमच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहायचा. काही मागायचा नाही. आई ताट आणून द्यायची."

"गाण्यात आई आहे," ट्वायला म्हणाली. "पांढऱ्या पडवीत आई उभी."

"आई माझी होती."

पुढचं वळण आलं. ट्वायलाने गिअर बदलला, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

"आणि ते 'म्हातारा ल्यूशस पायरीवर, गुणगुणतोय संध्याकाळी'," मिस व्हर्डेल पुढे म्हणाल्या. "माझे वडील तेव्हा अडतीस वर्षांचे होते. म्हातारा कसले! चार पोती एकदम उचलायचे. आणि गुणगुणत नव्हते, शिकवत होते. गिटार त्यांची, चाल त्यांची, बोटं कुठे ठेवायची तेही त्यांचं. हॉइटने नाव तेवढं खरं ठेवलं. बाकी आमचं सगळं घर उचलून त्याने आपल्या आईला देऊन टाकलं, आणि घरधन्याला पायरीवर बसवलं."

"मग घराचं काय झालं?"

"फाटक आलं. थांबव."

फाटकाला कंपनीचं कुलूप होतं. दोघी बाजूच्या तारेखालून गेल्या. मिस व्हर्डेल यांनी आधी काठी पलीकडे टाकली, मग स्वतः, आणि मदतीचा हात झिडकारला. पाइनच्या रांगांमध्ये वारा अजिबात नव्हता. पायांखाली सुयांचा जाड थर. पाऊल पडलेलं कळत नव्हतं आणि हाक मारली तर ती दहा पावलांवर मरत होती.

"डॅडी!"

काही नाही. एक वाजायला दहा. ट्वायलाचं मन आता तिचं ऐकेना. आपण एका फुलाच्या भरवशावर वीस माणसं चुकीची ठरवली. ते पुलाखाली ओढ्यात पडले असतील आणि आपण इथे, झाडांमध्ये, आपल्या हुशारीपायी. सगळ्या रांगा सारख्या. कुठल्याही रांगेत ते असू शकतात आणि शेजारच्या रांगेतून दिसणार नाहीत.

"इकडे," मिस व्हर्डेल म्हणाल्या. "उगाच ओरडू नकोस. बघ."

पुढे लाल रंग होता. वादळी लिलीच्या दोन ओळी, समोरासमोर, तीन पावलांचं अंतर सोडून, वीसेक पावलं सरळ गेलेल्या. झाडं लावणाऱ्यांनी त्यांच्यामधूनही पाइनची रांग घातली होती, तरी वाट ओळखू येत होती. वाटेच्या शेवटी घर नव्हतं. चार दगड आणि विटांचा एक ढीग होता.

ट्वायला वाटेने धावली. पुढच्या पायरीच्या जागी कोणीच नव्हतं.

"मागच्या दाराशी," पाठीमागून आवाज आला. "तो कधी पुढून यायचाच नाही."

ढिगाच्या मागे दोन विटांची पायरी होती आणि तिच्यावर हॉइट स्टॅम्पर बसले होते. गावात जायची टोपी डोक्यावर, हात मांडीवर, पाय जुळवलेले. जेवणाला बसवलेलं शहाणं मूल असावं तसे. चेहरा विटेसारखा लाल. ट्वायलाने कपाळाला हात लावला. कातडी तापलेली, कोरडी. घाम थांबला होता.

तिने बाटलीतलं पाणी त्यांच्या मानेवर, छातीवर, काखेत ओतलं, शर्ट भिजवला, टोपीने वारा घातला. एका हाताने फोन लावला. ब्रँटलीच्या मागे कल्ला ऐकू येत होता, आणि त्याच्याही मागे तेच गाणं.

"सापडले! जिवंत आहेत. उष्माघात आहे, ब्रँटली, ॲम्ब्युलन्स लगेच पाठव."

"देवाची कृपा! पुलापलीकडे ना? आम्ही इथेच—"

"पाइनच्या लागवडीत. घराच्या पश्चिमेला."

"तिथे? तिथे काय आहे?"

तिला उत्तर द्यायचं होतं, पण डॅडींनी डोळे उघडले. त्यांची नजर तिच्यावरून घसरत मिस व्हर्डेल यांच्यावर थांबली.

"मिसेस गेदर," ते म्हणाले. आवाज बारीक होता, लहान मुलासारखा. "मी वाट बघतोय."

मिस व्हर्डेल काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. ट्वायलाकडे न बघता हळूच म्हणाल्या, "आईला तो मिसेस म्हणायचा. सगळ्या काउंटीत एकटा गोरा पोरगा. आई सांगायची, बाहेर म्हणू नकोस हो, मार खाशील."

"मी काही बोललो नाही, मिसेस गेदर," हॉइट म्हणाले. मग मान हलवली, नाही नाही अशी. ओठ कोरडे होते, शब्द चिकटत होते. "बोललो. माझ्या डॅडींना सांगितलं. जेवताना सांगितलं. मिस्टर गेदर कोर्टात जाऊन मतदारांत नाव लिहून आले. मला वाटलं चांगली गोष्ट आहे. डॅडी ताटावरून उठले. टोपी घेतली. मला वाटलं चांगली गोष्ट आहे."

पाइनमध्ये कुठेतरी एक सुतारपक्षी टकटक करून थांबला. विटांच्या ढिगातल्या विटा एका बाजूने काळ्या होत्या. ट्वायलाला ते आल्यापासून दिसत होतं, आता कळलं.

तिने वारा घालणं थांबवलं नाही. हात दुखत होता. मिस व्हर्डेल तशाच निघून गेल्या असत्या तर ती त्यांना थांबवू शकली नसती, आणि तिने थांबवलंही नसतं.

मिस व्हर्डेल खाली वाकल्या. गुडघे कडकडले. त्यांनी ट्वायलाच्या हातातून बाटली घेतली, तळहातावर पाणी ओतलं आणि हॉइटच्या ओठांना लावलं.

"माहीत होतं आम्हाला," त्या म्हणाल्या. "आईला त्याच रात्री कळलं. बारा वर्षांच्या पोराने सांगितलं म्हणून घर जळत नाही, हॉइट. जाळणारे मोठे होते, काळ्या माणसाचं मत त्यांना नको होतं, आणि त्यांची नावंही माहीत होती." त्यांनी पुन्हा पाणी लावलं. "पण गाणं लिहिलंस तेव्हा तू बारा वर्षांचा नव्हतास."

हॉइटने पाणी चोखलं. ऐकलं की नाही कळलं नाही. "जेवण झालं का?" त्यांनी विचारलं.

फोन अजून चालू होता. "मिस ट्वायला? मिस ट्वायला! अगं, जागा कुठली सांगू ड्रायव्हरला? तिथे तर नकाशावर काहीच नाही."

"गेदरांचं घर," ट्वायला म्हणाली.

"कुणाचं?"

"ल्यूशस गेदर यांचं. गाण्यातलं घर हेच आहे, ब्रँटली. पडवी त्यांची होती."

पलीकडे कोणीतरी गाणं बंद केलं, किंवा ब्रँटलीच लांब गेला. "मग आम्ही उभे आहोत ते?"

"ते टायरचं दुकान आहे. लवकर पाठव. त्यांचा घाम थांबलाय."

"पण यायचं कसं?"

मिस व्हर्डेल यांनी हात पुढे केला आणि ट्वायलाने त्यात फोन दिला.

"नीट ऐक," त्या म्हणाल्या, आणि ब्रँटली साइक्स एकदम सरळ उभा राहिला असणार, कारण आठवीत त्या त्याला शिकवत होत्या. "पूल विसर. चर्च विसर. हॉइटच्या घरामागून कच्च्या रस्त्याने पश्चिमेला या. कंपनीचं फाटक लागेल, कुलूप तोडा. तिथून सरळ, शंभर पावलं. लाल फुलांच्या दोन ओळी दिसतील. त्यांच्या मधून या. मधूनच, फुलं तुडवू नका. ती आमची वाट आहे."

त्यांनी फोन परत दिला. ट्वायलाने डॅडींच्या मनगटावर बोटं ठेवली आणि मोजायला लागली. नाडी बारीक आणि जलद होती. एकशे अठ्ठावीस. पाणी ओतलं, पुन्हा मोजली. एकशे सव्वीस. दोन ठोक्यांचा फरक चुकीचाही असू शकतो, हे तिला माहीत होतं.

दूरवर भोंगा वाजला. दोघींनी माना वर केल्या. तो जवळ येईना. तो पूर्वेकडे चालला होता, पुलाच्या दिशेने, बारीक बारीक होत.

"तिकडे कुठे निघाले मेले!" मिस व्हर्डेल म्हणाल्या.

डॅडींनी डोळे मिटले. ट्वायला त्यांच्या कानाशी वाकली. "डॅडी, झोपायचं नाही. इथे कोण राहतं, सांगा मला."

ओठ हलले. ती सवयीने गाण्याच्या ओळीची वाट बघत होती.

"गेदर," ते म्हणाले.

"आणखी कोण?"

"मिस्टर गेदर. मिसेस गेदर. व्हर्डी." थांबले. श्वास घेतला. "मी मागच्या दाराशी."

भोंगा थांबला. खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. निदान तिला तो खूप वाटला, घड्याळात मिनिटही झालं नव्हतं. मग तो पुन्हा सुरू झाला, आणि या खेपेला वळला. ट्वायला मोजत राहिली. मिस व्हर्डेल काठी टेकत उठल्या आणि वाटेच्या तोंडाशी, फुलांच्या दोन ओळींच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या, येणाऱ्यांना दिसेल अशा.